स्टॅबिलायझर म्हणजे हँडब्रेक नव्हे

व्हर्जिनियात राहणाऱ्या आमच्या मावसभावाने काल फॅमिली ग्रुपवर एक मेसेज ढकलला: 'ट्रॅव्हल ट्रेलर भाड्याने घेताय? चाकांच्या चोकवर पैसे घालवू नका! ही पाच कारणं.' (ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं फिरतं घर, आणि चोक म्हणजे ते घरंगळू नये म्हणून चाकाला लावायची पाचर.) खाली अंगठ्यांची रांग. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण हा पठ्ठ्या येत्या शनिवारी पहिल्यांदाच ट्रेलर ओढत शेनंडोआच्या डोंगरात निघालाय, सोबत सांगलीहून आलेले मावशी-काका.

कारण पहिलं, आणि सगळ्यात भयंकर: 'चारही स्टॅबिलायझर टेकवले की ट्रेलर जागचा हलत नाही.' अरे, आत कुणी चाललं की ट्रेलर डुगडुगतो, ते कमी करायला हे कोपऱ्यांना टेकवायचे पाय, म्हणजे स्टॅबिलायझर, असतात. घरंगळणं ही वेगळी गोष्ट. तीन टनांचं धूड सरकू लागलं तर ते पाय त्याला अडवत नाहीत, स्वतःच मुडपतात.

शिवाय क्रम बघा. आधी डावी-उजवी बाजू समतल करायची, मग चोक, मग हिच (गाडी आणि ट्रेलरचा जोड) सोडवायची, पुढच्या जॅकने पुढे-मागे समतल करायचं आणि सगळ्यात शेवटी स्टॅबिलायझर. म्हणजे ट्रेलर गाडीपासून सुटतो त्या क्षणी स्टॅबिलायझर अजून वरच असतात! तोवर तो गिअर 'पार्क'मध्ये टाकलेल्या गाडीच्या जिवावर उभा असतो. चोक नसेल आणि उतार असला तर सुटताक्षणी निघाला. आणि तेव्हा जॅकपाशी कोण असणार? 'मी करतो रे' म्हणत पुढे आलेले बहात्तर वर्षांचे काका.

दुसरं: 'ब्रेकअवेची पिन ओढून ठेवा, ब्रेक रात्रभर लागलेले राहतात.' ट्रेलर चालत्या गाडीपासून तुटला तर आपोआप ब्रेक लागावेत म्हणून ती पिन असते. ते ब्रेक विजेवर चालतात, वीज ट्रेलरच्या बॅटरीतून येते. अमेरिकेच्या संघीय नियमांत (कलम ३९३.४३) व्यावसायिक ट्रेलरच्या अशा ब्रेकसाठी अट आहे ती किमान १५ मिनिटं लागून राहण्याची. मिनिटं! रात्रभर पिन ओढून ठेवलीत तर सकाळी बॅटरी बसलेली आणि ब्रेकही सुटलेले.

तिसरं: 'एका बाजूच्या दोन टायरच्या मधे घट्ट बसवायचा एक्स-चोक असला की साधे चोक नकोत.' यात अर्धं खरं आहे, मान्य. डुगडुगणं त्याने खरंच कमी होतं, मीही वापरतो. पण डोंगरावर रात्री गारठा पडला की टायरमधली हवा आकसते आणि पकड सैलावते. तो साध्या चोकच्या जोडीला हवा, त्याच्या जागी नको.

चौथं, 'जागा सपाट असेल तर गरज नाही.' डोळ्यांना सपाट दिसतं, चाकांना नाही. पुढे.

पाचवं, 'नाहीतर दगड आहेच.' घाटात ट्रक थांबला की क्लीनर दगड घेऊन उडी मारतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. काहीच नसेल तर दगडही चालेल. पण गोलसर दगड टायरखालून निसटतो आणि हवा तसा दगड ऐन वेळी कॅम्पसाइटवर सापडेलच असं नाही. रबराचा चोक टायरला बिलगून बसतो. दोन्ही बाजूंच्या चाकांना, उताराच्या अंगाला नक्की, जमल्यास पुढे-मागे दोन्हीकडे लावायचा. निघताना उलटा क्रम: स्टॅबिलायझर वर, हिच जोडून कुलूपबंद, आणि चोक सगळ्यात शेवटी काढायचे.

दादा, माझ्याकडे चोकच्या दोन जोड्या पडून आहेत. शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जा. तो मेसेज मात्र आजच काढ, मावशीने तो भिशीच्या ग्रुपवरही टाकलाय.