पानं झाडालाच बरी

मुलीच्या शाळेतून फॅन्सी ड्रेसची सूचना गुरुवारी रात्री येते आणि कार्यक्रम शनिवारी सकाळी असतो. विषय : 'महाराष्ट्राचे लोकजीवन'. सोबत चार ओळी पाठ हव्यात.

आमच्या लहानपणी हे प्रकरण आईच्या कपाटातच मिटायचं. काष्टा मारून डोक्यावर टोपली दिली की कोळीण. पुठ्ठ्याच्या टोपीला मोरपिसं चिकटवून हातात चिपळ्या दिल्या की वासुदेव. आणि ज्या कार्ट्याच्या चार ओळी पाठ होत नसत, तो आदिवासी. कारण आदिवासीला बोलावंच लागत नसे! अंगाला काजळ, कमरेला अशोकाची पानं, हातात केरसुणीची दांडी. 'हुर्र' केलं की टाळ्या. मला पहिला नंबर मिळाला होता. बक्षिसाच्या स्टीलच्या डब्यात आई अजून मोहरी ठेवते.

तर शुक्रवारी भाड्याने पोशाख देणाऱ्याकडे गेलो. डांबराच्या गोळ्यांचा वास, भिंतीला लटकलेले शिवाजीमहाराज आणि शेजारी टोमॅटो. त्याने 'आदिवासी सेट' काढला : हिरवा प्लॅस्टिकचा झगा, हाडांची माळ, भाला.

"साहेब, हाच हवाई पार्टीलाही चालतो."

मोबाइलवर फोटो काढून ऑफिसातल्या मित्राला पाठवला. तो डहाणूकडचा, वारली. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर कर्जाच्या फायली बघतो. त्याचा लगेच फोन.

"अरे, आमच्याकडे पानं झाडाला असतात. माझी आई गुडघ्यापर्यंत लुगडं नेसते, चिखलात भात लावायचा असतो म्हणून. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे आमच्याच तालुक्यातले. २०११ साली पद्मश्री मिळाली त्यांना. ते काय असला झगा घालून गेले होते?"

"मग मुलीला करू काय?"

"वारलीच कर. माझ्यासारखा."

आई ऐकून खट्टू झाली. "एवढी हौसेने पानं ओवली होती मी तुझ्यासाठी. तेव्हा नाही कुणाला वाईट वाटलं." तेव्हा विचारलं कुणाला होतं, हे मी पुटपुटलो, मोठ्याने बोललो असतो तर शनिवारचा डबा मलाच करावा लागला असता.

शनिवारी कन्या मंचावर गेली. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल. बाईंनी माईक पुढे केला. "बाळ, तू कोण झालीस?"

"मी वारली."

बाई गोंधळल्या. "मग चार ओळी म्हण ना."

कन्येने फाईल उघडली, चष्मा सावरला आणि म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीनंतर या."