‘एक शाहूपुरीकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : आठ जीबीचे कार्ड, सहा कोअर आणि भिंतीतले सॉकेट

स. न. वि. वि.

गणेशोत्सवाच्या सुट्टीत मी ८० हजारांच्या गेमिंग संगणकावर लिहिलेल्या लेखाला आपण ‘एक शाहूपुरीकर’ या नावाने सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश देतो. माझ्या यादीत एएमडी कंपनीचा रायझेन ५ ७६०० हा सहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ची १६ जीबी मेमरी, आरटीएक्स ५०६० हे आठ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी करून देणारा डबा) आणि ११०० व्हीएचा यूपीएस होता. आपले म्हणणे असे की, आठ कोअरचा रायझेन ७ ५७००एक्स कमी खर्चात बसत असताना मी नव्या सॉकेटचा (मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) हट्ट धरला. आजच्या घडीला आठ जीबीचे कार्ड सुचवणे ही वाचकांची दिशाभूल आहे. एसएमपीएस आणि यूपीएसवर घातलेले पैसे वाचवले असते तर सोळा जीबीचे कार्ड आले असते. आणि ऑनलाइन दोन-अडीच हजार वाचत असताना कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानांत जायला सांगण्यामागे माझे कमिशन असावे. शेवटी आपण विचारले आहे की, आपल्या २०१९ सालच्या रायझेन ५ २६०० आणि बी४५० बोर्डाच्या संगणकातला ४५० वॅटचा एसएमपीएस नव्या कार्डाला चालेल का.

कमिशनचे आधी उरकतो. राजारामपुरीतल्या दुकानदारांकडून मला आजवर एक कॅलेंडर मिळाले आहे आणि तेही मार्च महिन्यात.

आठ जीबीच्या कार्डाबाबत आपण बरोबर आहात आणि मी चुकलो. माझा तेव्हाचा हिशेब असा होता की, वाचकांपैकी बहुतेकांचा मॉनिटर १०८० पिक्सेलचा आहे आणि बहुतेकांचा खेळ व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ आहे. या खेळांना आठ जीबी भरपूर होते आणि तेथे कार्डापेक्षा प्रोसेसरच आधी दमतो. पण जो माणूस ८० हजार घालतो तो तेवढ्यावर थांबत नाही, तो पुढच्याच महिन्यात एखादा मोठा कथानकाचा खेळ उतरवून घेतो आणि टेक्श्चर (खेळातल्या पृष्ठभागांची चित्रे) ‘हाय’वर ठेवतो, हे मी लक्षात घ्यायला हवे होते. अशा वेळी काय होते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. आरटीएक्स ५०६० स्वतःच्या मेमरीशी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने बोलते. ती मेमरी भरली की उरलेला माल संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवावा लागतो आणि तो मदरबोर्डाच्या स्लॉटमधून ये-जा करतो. हे कार्ड स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन (डेटा जाण्या-येण्याच्या वाटा) वापरते, त्यामुळे बी६५०च्या चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये तो रस्ता सेकंदाला सुमारे १६ जीबीचा राहतो आणि आपल्या बी४५०वर, जो तिसऱ्या पिढीचा आहे, तो ८ जीबीवर येतो. म्हणजे महामार्ग संपून एकदम पांदीला लागावे तसा प्रकार. सेकंदाला किती फ्रेम (चित्रे) दिसतात त्याचा सरासरी आकडा तरीही बरा दिसतो, कारण सरासरीत सगळे झाकले जाते; हाताला मात्र मान वळवताना बसणारा झटका जाणवतो. यादीत मी आता आठ जीबीच्या कार्डाच्या जागी आरएक्स ९०६० एक्सटीचे सोळा जीबीचे रूप घातले आहे. याच कार्डाचे आठ जीबीचे रूपही त्याच नावाने विकले जाते, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्यावेत.

सहा की आठ कोअर, या मुद्द्यावर मात्र मी माझ्या जागी ठाम आहे. खेळाच्या कामात कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती वेगाने काम उरकतो आणि त्याच्या हाताशी कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी) किती आहे याला अधिक किंमत असते. ७६०० हा झेन ४ पिढीचा आणि ५७००एक्स हा त्याआधीच्या झेन ३ पिढीचा. दोन कोअर कमी असूनही खेळांत ७६०० पुढे राहतो. आठ कोअरच्याच दोन भावंडांकडे पाहावे : २०२२ साली आलेल्या ५८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी कॅश आहे, ५७००एक्समध्ये ३२ आहे, आणि कोअर सारखे असूनही खेळांत पहिला सहज पुढे जातो. आपण व्हिडिओ संकलन किंवा त्याच संगणकावरून थेट प्रक्षेपण करत असाल तर आठ कोअरची मागणी रास्त आहे. पण तसा उल्लेख आपण केलेला नाही.

नव्या सॉकेटचा ‘हट्ट’ हा शब्द मला आधी टोचला आणि नंतर अर्धा पटला. लेख लिहिला तेव्हा नव्या सॉकेटला लागणारी डीडीआर५ आणि जुन्याची डीडीआर४ मेमरी यांच्या भावांतले अंतर सोसण्यासारखे होते, आणि एएम५ या नव्या सॉकेटला २०२७पर्यंत व त्यापुढेही साथ देऊ असे एएमडीने जाहीर केलेले असल्याने तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्याची सोय डोळ्यांसमोर होती. पण २०२५च्या अखेरच्या महिन्यांत मेमरीचे भाव भडकले, कारण चिप बनवणाऱ्या कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. अशा काळात ज्याच्या घरात डीडीआर४च्या पट्ट्या चालू स्थितीत आहेत त्याने त्या भंगारात काढून नव्या घ्याव्यात असे मी म्हणणार नाही. आपण त्याच स्थितीत आहात, तेव्हा आपल्यापुरते आपले बरोबर. ज्याला शून्यापासून सुरुवात करायची आहे त्याच्यापुरते मी माझ्या मतावर कायम आहे.

आपल्या नजरेतून निसटलेली माझी एक चूक मीच सांगतो. त्या यादीत २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलरही होता. ७६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर असून त्याच्या खोक्यात कूलर येतो, तेव्हा तो खर्च निव्वळ शोभेचा होता. सोळा जीबीच्या कार्डासाठी पैसे काढायचे तर त्या खिशातून काढावेत, एसएमपीएसच्या नव्हे.

आता एसएमपीएसकडे वळतो, कारण आपल्या प्रतिक्रियेतला मला सर्वांत न पटलेला भाग तोच आहे.

मी उद्यमनगराच्या पिछाडीला राहतो. आसपासच्या एखाद्या शेडमध्ये मोठी मोटर सुरू झाली की माझ्या खोलीतला बल्ब क्षणभर मान टाकतो. हे इतके नेहमीचे आहे की पाहुणे आल्याशिवाय लक्षातही येत नाही. काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा टेबलाखालून फट्ट असा आवाज होऊन जळक्या प्लास्टिकमध्ये मासळीचा दर्प मिसळावा तसा वास खोलीभर पसरला. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ आलेला एसएमपीएस गेला होता आणि जाताना मदरबोर्डालाही घेऊन गेला होता. दुरुस्ती करणाऱ्या स्नेह्याने तो उघडून दाखवला (आपण घरी उघडू नये, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार बराच वेळ टिकून राहतो), तेव्हा इनपुटच्या बाजूला फिल्टरच्या कॉइलची जागा सर्किट बोर्डावर छापलेली होती, पण कॉइलच्या ऐवजी तेथे तारेचा साधा तुकडा झाळलेला होता. बाहेरच्या स्टिकरवर मात्र ठळक अक्षरांत ५०० वॅट.

चांगल्या एसएमपीएसने वीज तुटल्यावरही साधारण १६ मिलिसेकंद आतल्या साठ्यावर निभावून न्यावे अशी अपेक्षा असते, आणि साधा यूपीएस बॅटरीवर जायला त्याहून कमी, दहा मिलिसेकंदांच्या आतला वेळ घेतो. या दोन आकड्यांच्या फटीतच आपला संगणक चालू राहतो किंवा बंद पडतो. स्वस्त मालात पहिली काटछाट होते ती या मोठ्या कपॅसिटरची, आणि मग यूपीएस असूनही संगणक रीस्टार्ट का होतो म्हणून लोक यूपीएसला दोष देत बसतात. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का केवळ वीज किती वाया जाते ते सांगतो, भाग किती टिकाऊ आहेत ते नाही. तरीही ज्याने तेवढीसुद्धा तपासणी करून घेतलेली नाही त्याला मी घरात घेत नाही.

‘६०० व्हीएचा यूपीएस पुरला असता’ असेही आपण लिहिले आहे. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. माझ्या पहिल्या यादीत कार्डाचे १४५ वॅट, प्रोसेसर पूर्ण जोरात असताना ८८, बोर्ड, पंखे, एसएसडी वगैरेंचे पन्नासेक, असे २८० वॅटच्या वर जाते. एसएमपीएसमध्ये उष्णता होऊन जाणारा भाग धरला तर भिंतीतून ३३० वॅट ओढले जातात आणि मॉनिटर जोडला की ३६०ची कड गाठली जाते. नवे कार्ड तर १६० वॅटचे आहे. कडेवर चालणारा यूपीएस वीज गेल्याबरोबर शिट्टी मारून स्वतःही बसतो.

याला लागूनच, यादीत न मावणारी एक गोष्ट. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर संगणक बिघडला असे समजू नये. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज व न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याशी जोडलेले असतात आणि अर्थिंग नसेल तर पत्रा सुमारे अर्ध्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी क्षीण असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेणे हा यावरचा उपाय आहे. पायाखाली लाकडी पाट घेणे हा नव्हे, जो मी शाहूपुरीतल्याच एका घरी पाहिला आहे.

ऑनलाइन खरेदीविषयी माझे मत आपण समजता तितके कडवे नाही. प्रोसेसर आणि एसएसडी जेथे स्वस्त मिळेल तेथून घ्यावेत, फक्त बिल पक्के असावे आणि त्यावर सिरीयल नंबर असावा. मदरबोर्ड मात्र मी समोरच उघडून घेतो. एएम५मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात, एकूण १७१८. प्लास्टिकचे झाकण काढून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरपा धरला की त्या सगळ्या शिस्तीत चमकायला हव्यात, आणि एखादी जरी वाकलेली असली तर तेवढीच अंधारी राहते. वाकलेली पिन सहसा वॉरंटीत बसत नाही, आणि कुरिअरच्या खोक्यातून आलेल्या बोर्डाची पिन आधीच वाकलेली होती हे पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला कोल्हापुरातून पटवून देणे किती दमवणारे असते ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. दोन-अडीच हजारांतले निम्मे पैसे मी त्या उजेडासाठी देतो, असे समजा. दुकानदाराचे सगळेच ऐकावे असेही नाही : ‘सध्या सोळाची एकच पट्टी घ्या, पुढे वाढवता येईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे, कारण एका पट्टीवर मेमरीचा रस्ता निम्मा होतो. दोन पट्ट्या घ्याव्यात, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्यात आणि बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे मेमरी तिच्या जाहीर वेगाने चालवण्याची सोय, चालू करावे. नाहीतर ६०००च्या वेगाची मेमरी वर्षानुवर्षे ४८००वर चालत राहते आणि मालकाला पत्ताही नसतो.

आता आपल्या संगणकाविषयी. रायझेन ५ २६०० जागेवर असतानाच बी४५०चे बायोस अद्ययावत करून घ्यावे, कारण आधी प्रोसेसर बदलला तर नवा सुरूच होणार नाही. मग ५६०० किंवा आपल्या आवडीचा ५७००एक्स बसवावा. ५७००एक्सच्या खोक्यात कूलर नसतो, तेव्हा २६००चा ठेवून द्यावा. जुना कूलर काढण्यापूर्वी संगणक दहा मिनिटे चालवून गरम करावा, मग बंद करून वायर काढावी आणि कूलर सरळ वर न ओढता हलके पिळत सोडवावा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली इतक्या वर्षांची पेस्ट वाळलेली असते आणि एएम४मध्ये, म्हणजे आपल्या बोर्डाच्या जुन्या सॉकेटमध्ये, प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, पिनांसकट. आपला बोर्ड तिसऱ्या पिढीचा असल्यामुळे आठ लेनचे आठ जीबीचे कार्ड आपण मुळीच घेऊ नये. ९०६० एक्सटी सोळाही लेन वापरते, त्याला हा बोर्ड फारसा आड येणार नाही.

राहिला एसएमपीएस. त्याच्या कुशीवरच्या स्टिकरवर एक तक्ता असतो, त्यातला +१२ व्होल्टचा रकाना वाचावा, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघेही तेथूनच जेवतात. त्याखालच्या अँपिअरला १२ने गुणले की खरे वॅट निघतात. तेथे ३६ किंवा जवळपासचा आकडा असेल आणि तो नावाजलेल्या बनावटीचा असेल, तर वय लक्षात घेऊन बोलता येईल. १८ असेल तर ४५०च्या नावाखाली आपल्याकडे २१६ वॅट आहेत, आणि आपल्या नव्या जोडीला ते पुरणार नाहीत. त्या स्टिकरचा फोटो येथेच टाकावा, आणि तोवर कार्डाची ऑर्डर देऊ नये.

आपला,
लेखक