‘घरात बसून युद्ध मागणारे’ या प्रतिक्रियेला उत्तर

संरक्षण खर्चातील कपातीवरील माझ्या लेखावर आपण लिहिता, की ‘घरात बसून युद्ध मागणे सोपे असते, १९६२ चा पराभव पैशाअभावी नव्हे, नेतृत्वामुळे झाला, आणि पंचगंगेच्या पुरात इथे संसार वाहून जात असताना तोफा कशाला?’

एक चूक आधी मान्य करतो. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले ते नोव्हेंबर १९६२ मध्ये. माझ्या लेखात ऑक्टोबर पडले होते, ते दुरुस्त केले आहे.

आता ‘घरात बसून’ या शब्दांविषयी. मी युद्ध मागितलेले नाही. शिवाय ज्या घराविषयी आपण बोलता, ते शिरोळ तालुक्यातील एका फौजीचे आहे. वडील लडाखला असताना आई लोकरीचे मोजे विणून, ते मांजरपाटात शिवून, वर ५६ एपीओ या लष्करी टपालघराचा पत्ता माझ्याकडून लिहून घेत असे, कारण ‘इथले मोजे ओले झाले की वाळत नाहीत’ असे वडिलांनी पत्रात कळवले होते. निवृत्तीनंतर आंघोळीचे पाणी पायावर घेण्याआधी ते हाताने तपासून पाहत, कारण उजव्या पायाच्या दोन बोटांना गरम-गार कळत नव्हते. माझ्याविषयी काहीही ठाऊक नसताना आपण तो शेरा मारलात, हे मला अशोभनीय वाटते.

१९६२ मध्ये नेतृत्व चुकले, हे मीही लिहिले होते. आपण बहुधा तिथवर वाचले नसावे. परंतु संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम दोन टक्के खर्च करायचा आणि चीनकडून धोकाच नाही असे धरून चालायचे, हाही नेतृत्वाचाच निर्णय होता. ईशान्य सीमेवरील नामका चू नदीच्या काठी, हिमालयाच्या ऐन थंडीच्या तोंडावर, सुती गणवेशातले जवान जुन्या .३०३ रायफली घेऊन उभे केले गेले, आणि २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला तेव्हा पुरेशा तोफाही पाठीशी नव्हत्या. पुढे खर्चाचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले, पण ते माणसे गेल्यावर. हा जुना इतिहास म्हणून सोडून देता येत नाही, कारण फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अहवालात सियाचीनसारख्या उंचीवरील जवानांच्या बर्फाच्या चष्म्यांचा आणि बुटांचा तुटवडा नोंदलेला आहे. तो वाचताना मला आईच्या हातातले मोजेच दिसले.

पुराचा मुद्दा इथे गैरलागू आहे. बंधारे आणि बूट यांतले एकच निवडा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. यापुढे आकडे घेऊन वाद घातलात तर प्रत्येक ओळीला उत्तर देईन. माझ्या घरावर शेरा मारणारी प्रतिक्रिया मात्र प्रसिद्ध करणार नाही.