बी बुडालं म्हणजे उगवणार, असं कुणी सांगितलं?

‘बियाणे पाण्यात टाका. बुडाले ते जिवंत, तरंगले ते मेलेले. लाल रंगाचे बियाणे बोगस, रंग धुऊन टाका. बुडालेले वाळवून पेरा. उगवण चाचणीत आठवडा घालवू नका.’ हा संदेश पेरणीच्या तोंडावर सोलापुरातल्या प्रत्येक शेतकरी ग्रुपवर फिरतोय. बार्शीच्या मामांनी तो वाचून सोयाबीनची पिशवी टबात ओतायची तयारी केली, म्हणून हे लिहावं लागतंय.

बुडणं हे वजनाचं काम आहे, जिवाचं नाही. तूरडाळीला कोंब फुटत नाही, तरी ती पातेल्याच्या तळाशीच जाते. कोठारात उष्णतेनं, ओलीनं मेलेला दाणा दिसायला भरीवच असतो; तोही बुडतो. उलट सूर्यफुलाचं चांगलं बी टरफलातल्या हवेमुळे तरंगतं. ते फेकून देणार का?

बाजरीत मात्र पाण्याचा उपयोग आहे, हे मान्य करतो. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ टाकून बी बुडवलं की अरगट या बुरशीरोगाच्या गाठी आणि पोचट दाणे वर येतात. पण खाली राहिलेलं सगळं उगवेल, असं त्यातूनही ठरत नाही.

सगळ्यात घातक सल्ला आहे तो सोयाबीन भिजवून वाळवण्याचा. त्याचं साल पातळ. कोरड्या दाण्यात पाणी झपाट्यानं शिरलं की आतल्या डाळींना तडे जातात, साल सुरकुततं, सुटतं. म्हणजे चाचणीच्या नावाखाली चांगलं बियाणं आपणच मारायचं आणि मग दुकानदाराशी भांडायला जायचं!

रंगाचं थोडक्यात: बुरशीनाशक लावलेलं बी कुणी खाऊ नये म्हणून ते रंगवतात. धुतलं की औषधही गेलं.

राहिला आठवडा. कृषी विभाग वर्षानुवर्षं गोणपाटाची चाचणी सांगतोय. न निवडता शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. पाच-सात दिवसांनी सशक्त कोंब मोजा. सत्तर आले तर सोयाबीन एकरी ३० किलो. त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे ६५ ला साडेबत्तीस. साठच्या खाली गेलं तर ते बी पेरू नका. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाहीच आहे, मग घाई कसली?