राज्यपालांची यादी पाठ करून करून डोकं फिरलंय

आज स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधल्या सराव परीक्षेत माझा सव्वा गुण गेला. एक उत्तराचा आणि पाव निगेटिव्हचा. प्रश्न काय, तर महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल कोण? मी श्रीप्रकाश हा पर्याय रंगवला. उत्तरतालिकेत राजा महाराज सिंग. हरकत नोंदवायला गेले तर काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "मॅडम, आपल्या ठोकळ्यात तसंच दिलंय." ठोकळा म्हणजे क्लासचं जाडजूड मार्गदर्शक पुस्तक.

ठोकळ्यात दिलंय म्हणून १ मे १९६० ही तारीख मागे सरकणार आहे का? महाराज सिंग १९४८ साली राज्यपाल झाले ते मुंबई प्रांताचे, पुढे मुंबई राज्याचे. तेव्हा महाराष्ट्र राज्य होतं कुठे? ते मिळवायला माणसांनी गोळ्या खाल्ल्या, हुतात्मा चौक त्यासाठी उभा आहे, आणि पैसे घेऊन शिकवणारे लोक एका ओळीत ते सगळं पुसून टाकतात. श्रीप्रकाश डिसेंबर १९५६ पासून मुंबई राज्याचे राज्यपाल होते. राज्य नवं झालं तेव्हा तेच पदावर होते, म्हणून ते महाराष्ट्राचे पहिले. एवढंच तर आहे! दोन वाक्यांत सांगता येतं. पण सांगायचं कोणी?

माझ्याकडे तीन ठोकळे आहेत. एकात यादी १९४८ पासून, दुसऱ्यात १९५६ पासून, तिसऱ्यात १९६० पासून. साहजिकच "आतापर्यंत किती राज्यपाल झाले" याची तीन पुस्तकांत तीन उत्तरं. त्यात मधल्या काळात मुख्य न्यायमूर्तींनी हंगामी कारभार पाहिला तो कुणी मोजलाय, कुणी नाही. कशाला मोजलं, कशाला नाही, याची एक तळटीप नाही. आणि श्रीप्रकाशांच्या नावाची तर चेष्टा लावलीय. एका पुस्तकात छापलंय "प्रकाश". त्यांना वाटलं "श्री" म्हणजे श्रीयुत! पाकिस्तानातले भारताचे पहिले उच्चायुक्त होते ते. तपासायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. दरवर्षी "सुधारित आवृत्ती" म्हणून किंमत वाढवायला बरोबर वेळ मिळतो.

अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी चालीवर यादी म्हणते. सुब्बरायन, विजयालक्ष्मी पंडित, चेरियन, अली यावर जंग, सादिक अली, मेहरा, लतीफ. तिला विचारलं, सादिक अलींच्या काळात काय झालं? म्हणाली, १९७७ ते १९८०. मी तिच्यावर चिडले नाही. तिला तेवढंच दिलंय. पण त्या एका ओळीत काय काय दडलंय बघा. जुलै १९७८ मध्ये वसंतदादांचं सरकार पडलं आणि ३७ वर्षांच्या शरद पवारांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली गेली, ती याच राज्यपालांच्या काळात. फेब्रुवारी १९८० मध्ये पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त होऊन राज्यात पहिल्यांदा राष्ट्रपती राजवट आली, तीही याच काळात. राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ शिकवायला याहून चांगलं, घरचं उदाहरण कोणतं? पण आमच्या वर्गात कलम वेगळ्या तासाला, यादी वेगळ्या तासाला, आणि दोघांची ओळख कधी होतच नाही.

राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचंही तेच. १९९३ ते २००२, सर्वाधिक काळ, टिकमार्क, पुढे चला. अहो, थांबा ना जरा! ते आले जानेवारी १९९३ मध्ये, दंगलीत मुंबई जळत असताना. आधीचे सी. सुब्रमण्यम पंतप्रधान नरसिंह राव यांच्याविषयी खासगी गप्पांत काही बोलले, ते बाहेर आलं आणि त्यांना पद सोडावं लागलं. ज्या पदाला घटना पाच वर्षांची मुदत देते, ते खरं तर राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच असतं, हे कलम १५६ मला त्या एका प्रसंगातून जितकं कळलं तितकं कुठल्याही नोट्समधून कळलं नाही. २०१४ मध्ये शंकरनारायणन यांची मिझोरामला बदली झाली आणि त्यांनी राजीनामा दिला, तेही तेच. माझ्या पुस्तकात त्यांच्यापुढे फक्त "२०१० ते २०१४".

विजयालक्ष्मी पंडित यांच्यापुढे कंसात "पहिल्या महिला राज्यपाल" असं लिहिलंय. त्या १९६२ ते १९६४ होत्या. त्यानंतर साठ वर्षं उलटून गेली तरी दुसरी बाई या पदावर आली नाही, हे कुठल्याच ठोकळ्याला लिहावंसं वाटलं नाही. "पहिल्या" म्हणायचं आणि पुढे गप्प बसायचं. याचा मला फार राग येतो.

आणि हे जुनं राहू दे. जे आमच्या डोळ्यांदेखत घडलं तेही गाळतात. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावं राज्यपालांकडे पाठवली. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा, कलम १७१(५). राज्यपाल कोश्यारी फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले, तोवर त्यावर निर्णय झाला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं होतं की वाजवी मुदतीत काय ते कळवणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे. शेवटी १५ ऑक्टोबर २०२४ ला सात आमदारांचा शपथविधी झाला, तेही विधानसभेची निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी आणि वेगळ्या सरकारने दिलेल्या नावांचा. आमच्या वर्गात काय शिकवलं? "राज्यपाल बारा सदस्य नामनिर्देशित करतात." संपलं. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ठाकरे सरकारला बहुमत चाचणीला सामोरं जायला सांगण्यासाठी राज्यपालांपुढे पुरेसा आधार नव्हता. त्या दिवशी मी सरांना त्यावर विचारलं तर म्हणाले, "राजकारण नको, परीक्षेचं बघा." राज्यशास्त्राच्या तासाला!

पण माझं डोकं खरं फिरतं ते वेगळ्याच पानावर. मी हिंगोलीची. सिंचनाचा अनुशेष, म्हणजे इतर भागांच्या मानाने राहिलेली तूट, हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतेय, कारण आमच्या शेतात पाणी नाही आणि आजोबा त्याचंच बोलत. त्या अनुशेषाचा राज्यपालांशी थेट संबंध आहे हे मला किती वर्षांनी कळावं? चोविसाव्या वर्षी! तेही मूळ घटना उघडून वाचली म्हणून. कलम ३७१(२). विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं, निधीचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि राज्याच्या नोकऱ्यांमध्ये पुरेशी संधी, या सगळ्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. १९९४ साली तशी मंडळं झालीही. एप्रिल २०२० अखेर त्यांची मुदत संपली. राज्याच्या नोकऱ्यांमध्ये संधी! म्हणजे मी ज्या परीक्षेसाठी बापाचे पैसे खर्चून पुण्यात कॉट बेसिसवर राहते, मेसचं पाणीदार वरण खाते, त्या परीक्षेबद्दल माझ्या भागातल्या मुलांसाठी घटनेत लिहिलेलं वाक्य आहे ते. आणि ठोकळ्यात? "कलम ३७१ : महाराष्ट्र व गुजरातसाठी विशेष तरतूद." एक ओळ. त्याच पानावर राजभवनं किती आणि कुठे, याला मात्र चौकट.

माझी खोलीतली मैत्रीण नंदुरबारकडची, आदिवासी. तिने तलाठ्याचा फॉर्म भरला होता. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक वगैरे पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांनी भरायची, ही अधिसूचना २०१४ साली राज्यपालांनीच काढली, घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या अधिकाराने. तिला हे माहीत नव्हतं. तिच्या हक्काच्या जागेचा कागद कुणाच्या सहीने निघाला हे तिला माहीत नाही, पण त्याच राज्यपालांच्या शपथविधीची तारीख तोंडपाठ आहे. आम्ही दोघी काल रात्री दोनपर्यंत पाचवी अनुसूची वाचत बसलो. राज्यपालांच्या या अधिकाराचा परिच्छेद ५ तिने तीनदा वाचला आणि मग म्हणाली, "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

का नाही सांगितलं? फी पहिल्या दिवशी घेतली होती ना?

यादी नको असं मी म्हणत नाही. द्या, पण नीट द्या. कुठल्या तारखेपासून मोजलीय ते वर लिहा. हंगामी कोण ते वेगळं दाखवा. प्रत्येक नावापुढे वर्षांच्या जोडीला त्या माणसाने त्या खुर्चीत बसून काय केलं किंवा काय केलं नाही, त्याच्या दोन ओळी द्या. शंभर रुपये जास्त घ्या, मी एक वेळचं जेवण सोडून देईन.

उद्या सकाळी मी परत त्या काउंटरवर जाणार आहे. सोबत ज्याने महाराष्ट्र राज्य झालं त्या १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याची झेरॉक्स काढून ठेवलीय. श्रीप्रकाशांचा सव्वा गुण मला परत हवाय, आणि उत्तरतालिकेतली दुरुस्ती सगळ्यांना दिसेल अशी फळ्यावर लावलेली हवीय.