टसरचा पतंग खात नाही, मग जगतो कसा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टसरच्या पतंगावरच्या माझ्या लेखाला तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. फोटोतला पिवळा आणि विटकरी पतंग एकाच जातीचे असूच शकत नाहीत; "न खाता जगतो" ही भाकडकथा आहे, तोंड नसेल तर तो कोष कुरतडून बाहेर येतो कसा; आणि शास्त्रीय नाव मायलिटा नसून पाफिया आहे.

रंगाचं लगेच मिटवतो. पिवळी ती मादी, विटकरी तो नर. रंगाने फसायला होतं, म्हणून मिशा बघा. नराच्या रुंद, पिसासारख्या, मादीच्या अरुंद. मादी अंड्यांनी जड झालेली, फारशी हलत नाही, बसल्या जागी गंध सोडते. तो अंधारात टिपायचं काम नराच्या मिशांचं. पंखांवरचे गोल डोळे मात्र दोघांनाही असतात, आणि त्यांच्या मधोमध खवलेच नसतात. पंख उजेडासमोर धरला की तिथून आरपार दिसतं.

आता खाण्याचं. खातो की! पण अळी असताना. ऐनाची नाहीतर अर्जुनाची पानं महिना-सव्वा महिना ओरबाडायची, चार वेळा कात टाकायची आणि मग कोष विणायचा. त्या शिदोरीवर पतंग आठवडा-दहा दिवस काढतो. तेवढ्यात जोडी जमते, मादी अंडी घालते, संपलं.

तुमचा कुरतडण्याचा प्रश्न मला फार आवडला, कारण खरी गंमत तिथेच आहे. टसरचा कोष अंगठ्याने दाबून बघा, तुतीच्या कोषासारखा तो दबत नाही. अळी विणता विणता त्यात क्षार मिसळलेला द्रव सोडते, त्याने तो कडक होतो. फुलपाखराला जिथे सोंड असते, तिथे टसरसारख्या पतंगांना नुसते आखूड अवशेष उरलेत. मध पिणं त्यांच्याने होत नाही, पण त्यांतून कोकूनेज नावाचं विकर (एन्झाइम) पाझरतं. धाग्याला धागा चिकटवणारं सेरिसिन त्याने सैल पडतं, आणि पतंग ओल्या झालेल्या टोकाकडून धागे बाजूला सारत डोकं बाहेर काढतो. म्हणजे कुरतडणं नाहीच. तरी अशा भोक पडलेल्या कोषातून सलग धागा उकलता येत नाही, तो कातावा लागतो. भंडाऱ्याकडच्या आंधळगावच्या करवतकाठी साडीसाठी सलग धागा हवा, तर पतंग बाहेर पडायच्या आत कोष शिजवावा लागतो. हे कुणाला क्रूर वाटेल, आणि ते वाटणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही.

राहिलं नाव. पाफिया लिनियसने १७५८ मध्ये दिलं, मायलिटा ड्रुरीने १७७३ मध्ये. दोन्ही कीटक एकच मानले तर जुनं नाव टिकतं, म्हणून काही याद्यांत तुम्हाला पाफिया दिसतं. रेशीमशास्त्रातले लोक मात्र मायलिटाच लिहितात, आणि माझे बरेचसे वाचक गडचिरोली-भंडाऱ्याकडचे, कोसा म्हणजे टसर पाळणारे. त्यांच्या हातातल्या माहितीपत्रकाशी जुळावं म्हणून मायलिटाच ठेवतोय. कुटुंबाबद्दल तर वादच नाही. हा सॅटर्निडी, म्हणजे ॲटलस पतंगाचा आणि चंद्रपतंगाचा भाऊबंद. शाळेत शिकलेला तुतीवरचा बॉम्बिक्स मोरी बॉम्बिसिडीतला. माणसाने इतकी शतकं पाळला की त्याला आता उडताही येत नाही. टसरचा नर अजून रात्री रानात मैलभर उडत जातो.