धर्मादायचं प्रमाणपत्र म्हणजे रोमची सही नव्हे

रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला तेव्हाच ओळखलं, काहीतरी फॉरवर्ड आलंय. "अगं, त्यांना चर्चची मान्यता आहे, कागद पाठवलाय ना," असं ती तीनदा म्हणाली. धाकट्या मावसबहिणीने सिस्टर व्हायचा अर्ज भरूनही ठेवला होता.

नाशिकरोड-देवळालीच्या कॅथलिक घरांमध्ये तो मेसेज पंधरा दिवस फिरतोय. सांगणं असं: आमच्या भगिनी-मंडळाची, म्हणजे सिस्टरांच्या नव्या संस्थेची, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली आहे, म्हणजे चर्चची मान्यता मिळाली, बिशपांचा आशीर्वाद आहे, रोमला (म्हणजे पोपच्या कार्यालयाला) विचारायची गरज नाही, मदर तेरेसांनीही अशीच सुरुवात केली, बारावी झालेल्या मुलींना सहा महिन्यांत कायमची व्रतं (आयुष्यभर सिस्टर राहायची शपथ), येताना मुलीच्या वाट्याची जमीन आणि दागिने मंडळाच्या नावे करा.

नोंदणीचं आधी उरकते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० सालचा, आणि तो सरकारचा. आमच्या गल्लीतलं गणेश मंडळही त्याच कार्यालयात नोंदलेलं आहे. त्याला रोमची मान्यता मिळाली असं अजून कोणी म्हटलेलं नाही. जुन्या, मान्य संस्थांचेही ट्रस्ट असतात, बँक खातं आणि जागा त्याशिवाय चालत नाहीत, हे खरं. पण त्या कागदाने कोणी सिस्टर होत नाही.

आशीर्वादाचा फोटो बाळ येशूच्या यात्रेतला दिसतोय. त्या गर्दीत आशीर्वाद कोणाला मिळत नाही? आमच्या फादरांनी माझ्या ॲक्टिव्हावरही पवित्र पाणी शिंपडलंय.

मान्यता कशाने मिळते ते १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, लिहिलेलं आहे. कलम ५७९ काढून बघा. नवी व्रतस्थ संस्था (व्रतं घेतलेल्या सिस्टरांची वगैरे) बिशप आपल्या धर्मप्रांतात, म्हणजे आपल्या अधिकारातल्या भागात, लेखी हुकूमनामा काढून स्थापन करतात. पूर्वी त्यासाठी रोमशी सल्लामसलत पुरे होती. नोव्हेंबर २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हे कलम बदललं. आता रोमची लेखी परवानगी आधी हातात हवी, नाहीतर तो हुकूमनामाच अवैध. म्हणजे "बिशप पुरेसे" यात पूर्वी थोडंफार तथ्य होतं, आज तेवढंही उरलेलं नाही.

सुरुवातीला साधा श्रद्धावंतांचा संघ असतो. त्याची नियमावली चर्चच्या अधिकाऱ्यांनी तपासल्याशिवाय त्यालाही मान्यता नाही, आणि परवानगीशिवाय नावात "कॅथलिक" शब्द लावता येत नाही. असा संघ वर्षानुवर्षं पारखला जातो, मग धर्मप्रांतीय संस्था, आणि पुढे कधीतरी थेट रोमच्या अधिकाराखालची. संघात राहून कोणी व्रत घेतलं तर ते खासगी. चर्चच्या नावाने स्वीकारलेलं व्रत वेगळं.

मदर तेरेसांचं नाव घेतलं की आमच्या घरात सगळे गप्प होतात, म्हणून हे सांगायलाच हवं. गरिबांसाठी नवं काम सुरू करायची देवाची हाक त्यांना ऐकू आली सप्टेंबर १९४६ मध्ये. निळ्या काठाची साडी नेसून त्या आपल्या आधीच्या, लोरेटो सिस्टरांच्या मठाबाहेर पडल्या ऑगस्ट १९४८ मध्ये, तेही रोमची परवानगी आल्यावर. मधली जवळजवळ दोन वर्षं वाट बघण्यात गेली. त्यांची संस्था कलकत्ता धर्मप्रांतात स्थापन झाली ७ ऑक्टोबर १९५० ला, आणि पोपच्या थेट अधिकाराखाली आली १९६५ मध्ये. सुरुवात लहान होती, एवढं मान्य. पण परवानगीशिवाय नव्हती, आणि मेसेज नेमकं तेच गाळतो.

आता ज्या ओळीमुळे मला झोप लागली नाही, ती. सहा महिन्यांत कायमची व्रतं! चर्चच्या कायद्यात नोव्हिशिएटच, म्हणजे व्रतांआधीचा शिकाऊ काळ, किमान बारा महिन्यांचा आहे आणि त्यात प्रवेशाला सतरा वर्षं पूर्ण लागतात. मग तात्पुरती व्रतं, तीन वर्षांपेक्षा कमी नाहीत. कायमची व्रतं एकवीस पूर्ण झाल्याशिवाय नाहीतच. माझी बहीण अठराची आहे. म्हणजे कितीही घाई केली तरी जवळजवळ चार वर्षं कुठे गेली नाहीत. एवढा वेळ कशासाठी? मुलीला परत फिरता यावं म्हणून, आणि संस्थेलाही तिला नाही म्हणता यावं म्हणून.

आणि जमीन? कलम ६६८ म्हणतं, पहिल्या व्रतांआधी मुलीने आपल्या मालमत्तेचा कारभार तिला हव्या त्या माणसाकडे सोपवायचा. भावाकडे द्या, काकाकडे द्या. मालकी तेव्हा तिचीच राहते. मृत्युपत्रदेखील कायमच्या व्रतांआधी केलं की चालतं, म्हणजे काही वर्षांनंतर. आत पाऊल टाकायच्या आधी सातबारा मागणारं मंडळ कोणत्या पुस्तकातून वाचतंय, ते त्यांनाच ठाऊक. मावशीचा नवरा गेल्यावर तेवढीच जमीन उरलीय, हेही कोणीतरी त्यांना सांगितलेलं दिसतं.

मेसेजमध्ये आणखी बरंच आहे, स्वप्नं, चमत्कार, परदेशी देणगीदार. त्यावर वेळ घालवत नाही.

मावशीला मी दोनच प्रश्न विचारायला लावले: हुकूमनाम्याची तारीख कोणती आणि खाली कोणत्या बिशपांची सही आहे? शिवाय मान्य संस्थेलाही नवं घर उघडायला इथल्या बिशपांची लेखी संमती लागते, म्हणून बिशप हाऊसमध्ये चौकशी करायला पॅरिशच्या फादरांना सांगितलंय.

मेसेजमधल्या नंबरवर मावशीने प्रश्न पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. धर्मादायच्या त्याच प्रमाणपत्राचा फोटो, या वेळी जरा जवळून काढलेला.